भाजीवरचा कीटकनाशकांचा अंश कसा कमी करावा

सायपरमेथ्रिनसारखी स्पर्शजन्य औषधे साल आणि पानांवर बसतात. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसात उतरतात. धुण्याचा उपयोग होतो तो मुख्यतः पहिल्या प्रकाराला. त्यामुळे सगळे विष काढण्याची हमी देणाऱ्या कुठल्याही द्रावणावर विसंबू नका.

१. आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतल्यास सालीवरचे औषध कापलेल्या भागाला लागते.

२. वाहत्या पाण्याखाली अर्धा मिनिट तरी बोटांनी चोळा. बरीच औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून नुसते भिजवणे पुरत नाही. वांग्याच्या टोपीखाली फवारा साचतो, ती काढून टाका. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने टाका, फ्लॉवरचे तुरे सुटे करा. पालेभाजीची जुडी सोडल्याशिवाय आतल्या पानांपर्यंत पाणी पोचतच नाही. मोठ्या भांड्यात पाने हलवा आणि वर उचलून घ्या. पाणी ओतून काढले तर तळाचा गाळ पुन्हा पानांवर बसतो. असे दोन-तीन पाण्यांतून काढा.

३. घट्ट सालीच्या भाज्या खाण्याच्या सोड्यात भिजवता येतात: लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन छोटे चमचे, १५ मिनिटे. मग स्वच्छ पाण्याने धुवा. सफरचंदांवरच्या २०१७ च्या अमेरिकी अभ्यासात याच प्रमाणाने सालीवरची दोन औषधे निघाली, पण त्यांपैकी थायाबेंडाझोल या बुरशीनाशकाचा सुमारे २० टक्के भाग आधीच आत मुरला होता. साबण मात्र नको, तो सालीतून शोषला जातो.

४. काकडी, गाजर, दुधी सोलून घ्या. काही तंतू जातात, पण सालीवरचा अंश काढायचा हाच सर्वांत खात्रीचा मार्ग.

ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातली औषधे मज्जासंस्थेतील, नसांचे संदेश वेळेवर थांबवणारे अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम रोखतात. भाजीतून सहसा फार थोडी मात्रा जाते. काळजी आहे ती रोज थोडे थोडे पोटात जाण्याची, विशेषतः गरोदरपणात आणि लहान मुलांच्या बाबतीत. मुले वजनाच्या मानाने जास्त खातात आणि त्यांचा मेंदू अजून घडत असतो. म्हणून भाज्या बंद करू नका, आलटून पालटून खा.

स्वतः पिकवत असाल तर औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस हवेत ते पाहा आणि तेवढे थांबाच. भेंडी, काकडी दर दोन-तीन दिवसांनी तोडावी लागते, तिथेच हा नियम मोडतो. लेबलवर सात दिवस असतील तर मधल्या तोड्यांची फळे काढून टाका, खाऊ नका.