बारावीनंतर पदवी निवडताना आणि ऑप्शन फॉर्म भरताना या चुका टाळा

सीईटीला ९२ पर्सेंटाइल मिळवलेला मुलगा ८० ला बंद होणाऱ्या कॉलेजात जाऊन बसतो आणि घरचे म्हणतात, नशिबात नव्हतं. अशा बहुतेक घरांत नशिबाचा काही संबंध नसतो. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म, चुकीच्या क्रमाने भरलेला असतो. दोन वर्षं क्लासला घालवलेली असतात आणि हा फॉर्म मात्र शेवटच्या रात्री, सायबर कॅफेत, पाठीमागे रांग उभी असताना भरला जातो. हे बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून या चुकीबद्दल जरा सविस्तर लिहितो.

इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, सर्वांत जास्त नुकसान एका समजुतीने होतं: "जे नक्की मिळेल ते वर टाका, म्हणजे सीट हातची जाणार नाही." प्रत्यक्षात संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या मेरिटला जी पहिली जागा मिळू शकते तिथे थांबतो. वर अवघड कॉलेजं टाकली म्हणून खालच्या सोप्या कॉलेजातली संधी कमी होत नाही. सोपं कॉलेज वर टाकलं, तर मात्र त्याच्या खालचं सगळं वाया गेलं.

त्यात ऑटो फ्रीझ. २०२५-२६ च्या नियमांनुसार कॅपच्या चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप गोठते. मग ती घेतली काय आणि सोडली काय, पुढच्या कॅप फेऱ्या बंद.

एका तालुक्याच्या गावातल्या मुलाचं हेच झालं. ९२.४ पर्सेंटाइल. त्याला शासकीय महाविद्यालयात इलेक्ट्रिकल हवं होतं आणि त्या जागेचा आदल्या वर्षीचा कटऑफ ९१ च्या आसपास होता. कॅफेवाल्याने सांगितलं, "वर एक सेफ टाकून ठेवू." पहिल्या क्रमांकावर जवळचं खासगी कॉलेज, कॉम्प्युटर शाखा. इलेक्ट्रिकल चौथ्या क्रमांकावर. पहिल्या फेरीत खासगी कॉलेज लागलं आणि गोठलं. घरच्यांना वाटलं, दुसऱ्या फेरीत बदलून घेऊ. दुसऱ्या फेरीचा फॉर्म उघडलाच नाही. शासकीय महाविद्यालयातली ती जागा त्याच वर्षी त्याच्याहून कमी पर्सेंटाइलला गेली. यादीतली ती एक ओळ तीन घरं वर असती, तर पुढची चार वर्षं वेगळी गेली असती.

याला माझा उपाय साधा आहे. पोर्टल उघडण्याआधी कोऱ्या कागदावर तीस-चाळीस पर्याय लिहा, कॉलेज आणि शाखा दोन्ही. कटऑफची यादी तूर्त बघूच नका. मग लागून असलेल्या प्रत्येक दोन पर्यायांबद्दल मुलाला एकच प्रश्न विचारा: उद्या दोन्ही मिळाले तर कुठे जाशील? जे उत्तर येईल ते वर. असं वरून खालपर्यंत दोनदा करा. यादी पक्की झाल्यावरच कटऑफ काढा, आणि तेही फक्त शेपूट तपासायला: शेवटचे आठ-दहा पर्याय तुमच्या पर्सेंटाइलपेक्षा चार-पाचने खाली बंद झालेले असावेत. फॉर्ममध्ये तीनशे पर्याय भरता येतात, त्यामुळे दहा-बारा भरून थांबायचं काही कारण नाही. फॉर्म भरून झाला की तो कन्फर्म करा. नुसता सेव्ह केलेला फॉर्म धरला जात नाही.

कटऑफ वाचतानाही लोक गडबडतात. प्रवर्गाच्या कोडमधलं पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण (मुलं-मुली दोघांसाठी), एल असेल तर फक्त मुलींसाठी. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (तुमच्या भागाचं विद्यापीठ), ओ म्हणजे इतर विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. नगरच्या मुलाने पुण्यातल्या कॉलेजचा एच बघायचा, नागपूरच्या मुलाने ओ. मुलींचा विचार एल आणि जी दोन्हींत होतो. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीची जागा हवी असेल, तर तिचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. तो स्वतंत्रपणे यादीत टाकावा लागतो. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. ही जागा घेतली की पुढे शाखा बदलता येत नाही, हे आधी मुलाला सांगा.

दुसरी चूक कागदपत्रांची, आणि तिचं मूळ अकरावीत असतं. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला प्रांत कार्यालयातून मिळतो, दुसरं पडताळणी समितीकडून, आणि दुसऱ्याला महिने लागतात. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आजोबांच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं स्पेलिंग असेल, तर त्रुटी निघते आणि फाइल परत येते. म्हणून अकरावी सुरू झाली की कॉलेजमार्फत अर्ज टाका. अर्जाच्या पावतीवर प्रमाणपत्र द्यायला मुदत मिळते म्हणून निवांत राहणारे पालक दरवर्षी भेटतात. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही, तर मुलगा खुल्या प्रवर्गात मोजला जातो आणि राखीव जागा जाते. नॉन-क्रिमीलेअर प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं, म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत. आयआयटी, एनआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला काढावा लागतो. राज्याचा तिथे चालत नाही. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की नाव, प्रवर्ग, गुण तपासून दोन-तीन दिवसांतच हरकत नोंदवा. अंतिम यादीनंतर कुणी ऐकत नाही.

तिसरी चूक घाईची. निकालाआधीच फोन येतात, "मॅनेजमेंटच्या चारच सीट उरल्यात, आज टोकन भरा." संस्थास्तरावर प्रवेश घेतला की राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या महाडीबीटीवरच्या (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या) सवलती मिळत नाहीत. त्यांना कॅपमधूनच प्रवेश लागतो. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तीच मुलगी मॅनेजमेंट कोट्यातून गेली, तर चार वर्षांची पूर्ण फी घरच्यांच्या डोक्यावर. कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत टोकन भरू नका, मग समोरचा कितीही गोड बोलो.

आता पदवीच्या निवडीतल्या काही चुका, थोडक्यात.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. २०० पैकी गुणांशी त्याची थेट तुलना करू नका.

दहावीनंतर नक्की ठरलं नसेल तर गणित सोडू नका. गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरचे दरवाजे तिथेच बंद होतात. एबी ग्रुपचा, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्हींचा, भार मात्र ज्याला झेपतो त्यानेच घ्यावा.

बीबीए, बीएमएस, बीसीएला २०२४-२५ पासून सीईटी आहे. "ते काय, बारावीवर मिळतं" या जुन्या माहितीवर बसलेली मुलं अर्जाची तारीख चुकवतात.

फक्त मेडिकल दुकान काढायचं असेल, तर चार वर्षांच्या बी.फार्मची गरज नाही. दोन वर्षांचा डी.फार्म पुरतो, आणि त्याचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो.

"एमपीएससी करायचीय, कोणतीही पदवी चालेल" हे राज्यसेवेतल्या बहुतेक पदांपुरतं खरं आहे. कृषिसेवा, वनसेवा, अभियांत्रिकी सेवा यांना ठरावीक पदव्या लागतात. सोपी पदवी घेऊन तीन वर्षं फक्त स्पर्धा परीक्षेच्या नावावर घालवणं मला पटत नाही. पदवी अशी घ्या, की परीक्षा नाही निघाली तरी तिच्यावर नोकरी मागता येईल.

शाखेच्या नावावर भाळू नका. एआय, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशी नावं दिसली, तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि शेजारी साध्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा ठेवा. पहिलं वर्ष बघून काही कळत नाही, ते जवळपास सगळ्यांचं सारखंच असतं. दोन्हींत किती विषय वेगळे आहेत ते मुलाने स्वतः पेनाने खुणा करून मोजावं. फरक दोन-तीन विषयांचाच निघाला, तर नाव सोडा आणि कॉलेज बघा. त्यासाठी एखाद्या दिवशी न कळवता तिथे जा, लॅब उघड्या आहेत का ते बघा, तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी कँटीनमध्ये बोला.

आणि प्रवेश रद्द करायची वेळ आली, तर अंतिम तारखेच्या आत पोर्टलवरून अर्ज करा. १००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. तोंडी सांगून निघून आलेल्यांची फी अडकते.