ठेव ठेवण्यापूर्वी सहकारी बँकेचा अहवाल कसा वाचावा

बँक अल्प मुदतीच्या ठेवी घेऊन दीर्घ मुदतीची कर्जे देते, त्यामुळे सर्व ठेवीदार एकाच वेळी पैसे मागू लागले तर सुदृढ बँकही कोलमडू शकते, हे अर्थशास्त्रज्ञ डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडील नागरी सहकारी बँकांचा बिघाड मात्र बहुधा रांग लागण्याच्या कितीतरी आधी कर्जवाटपात सुरू झालेला असतो. म्हणून वार्षिक अहवाल हाती आल्यावर ठेवींची वाढ आणि लाभांशाचा दर बाजूला ठेवून प्रथम कर्जांची पाने उघडावीत.

ढोबळ एनपीए (थकीत कर्जांची एकूण रक्कम) आणि निव्वळ एनपीए (तीतून संभाव्य तोट्यासाठी बाजूला काढलेली तरतूद वजा केल्यावर उरणारी रक्कम) यांचे किमान तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत. केवळ टक्केवारीवर विसंबू नये, कारण नवी कर्जे भरमसाट वाटली किंवा जुनी निर्लेखित केली, म्हणजे हिशेबातून काढून टाकली, तरी ती घटते. रुपयांतील थकबाकी आणि तिच्यासाठी केलेली तरतूद यांची तुलना अधिक बोलकी असते.

तरीही हे आकडे बँकेनेच दिलेले असतात, याचा विसर पडू देऊ नये. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने मार्च २०१९ अखेर ढोबळ एनपीए ४ टक्क्यांहून कमी दाखवला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, सहा महिन्यांत प्रत्येक खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा दिली, आणि मग एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे उघड झाले. माझ्या मते ठेवीदाराने विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे: सर्वांत मोठ्या कर्जदारांकडे किती टक्के रक्कम आहे आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिले आहे? अहवालात उत्तर नसेल तर सभासदाने वार्षिक सर्वसाधारण सभेत ते लेखी मागावे.

लेखापरीक्षकांचे शेरे आणि भांडवल पर्याप्तता प्रमाण (जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल किती) हेही पाहावे. शेरे लहान टाइपात असले तरी वगळू नयेत.

ठेव विम्याची, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणाऱ्या भरपाईची, मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून व्याजासह ५ लाख रुपये आहे आणि तिच्यासाठी ठेवीदाराच्या एकाच बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. म्हणून मुदत संपताना मुद्दल आणि व्याज मिळून ही रक्कम ओलांडणार असेल, तर वरचा भाग दुसऱ्या बँकेत ठेवावा.