शेततळ्यात, बोडीत फेज सोडताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आमच्या बोडीतल्या (छोट्या तलावातल्या) रोहूच्या अंगावर लाल चट्टे पडले, काहींचे खवले उभे राहिले, पोटं फुगली, आणि मी घाईघाईत दुकानातून फेजची, म्हणजे बॅक्टेरिया मारणाऱ्या व्हायरसची, बाटली आणून पाण्यात ओतली. आठ दिवस झाले तरी काही फरक नाही, रोज सकाळी काठाला पाच-सहा मासे उलटे. मग लेबल नीट वाचलं तर ते औषध झिंग्यांना होणाऱ्या व्हिब्रिओ नावाच्या बॅक्टेरियासाठी होतं, अन् गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याला असा त्रास बहुतेकदा एरोमोनास या दुसऱ्याच बॅक्टेरियाचा असतो.

सगळ्यात मोठी चूक हीच भौ, फेजला अँटिबायोटिकसारखं सरसकट समजणं. हा व्हायरस बॅक्टेरियाला चिकटतो, आत वाढतो आणि त्याला फोडून डझनांनी बाहेर पडतो, पण बहुतेक फेज एकाच जातीला धरतात, त्यातही काही स्ट्रेनलाच, म्हणजे उपप्रकारांनाच. दुसरा बॅक्टेरिया असला की काहीच होत नाही. म्हणून आधी लॅब. आजारी पण जिवंत मासा न्या, मेलेला सडका नको, कारण मेल्यावर भलतेच जंतू वाढतात. नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे विचारा. तुमच्या माशातून निघालेला बॅक्टेरिया प्लेटवर वाढवून त्यावर फेजचा थेंब टाकतात, दुसऱ्या दिवशी त्या धुरकट थरात थेंबाएवढा गोल साफ डाग दिसला तरच तो फेज तुमच्या कामाचा.

अंगावर उवा असतील किंवा बुरशी असेल तर फेज नकोच. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर आधी ऑक्सिजन बघा.

दुसरं, लाल दवा (पोटॅशियम परमँगनेट) किंवा ब्लीचिंग पावडर टाकायची अन् त्याच दिवशी फेजही सोडायचा, असं लय जण करतात. त्यात फेजच मरतो. कडक उन्हानेही मरतो, म्हणून संध्याकाळी सोडा. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली गाडीच्या डिक्कीत ठेवून गावभर फिरू नका बाप्पा, बर्फाच्या डब्यात आणा, घरी फ्रिजमध्ये ठेवा.

खाद्यातून देणार असाल तर मासे खाताहेत तोवरच द्या, खाणं सोडल्यावर पोटात काय जाणार?

घेताना दोन गोष्टी विचारा. फेज फक्त फोडणारा आहे का? काही फेज बॅक्टेरियाच्या आतच मुक्काम करतात आणि त्याला नवे जीन देतात, कॉलऱ्याच्या जंतूला विषाचा जीन असाच फेजमधून मिळालाय, हे १९९६ मध्ये सिद्ध झालं. आणि बाटलीत किती वेगवेगळे फेज आहेत? एकच असेल तर बॅक्टेरिया लवकर बदलतो अन् दाद देत नाही, म्हणून तीन-चार फेजचं मिश्रण बरं.

मेलेले मासे मात्र रोज जाळीने काढून चुना टाकून खोल पुरा, काठावर फेकले तर कुत्रे-कावळे ओढून परत पाण्यात पाडतात.