हनुवंतियाला सहकुटुंब जायचंय? आधी पाण्याची पातळी बघा, मग खोली घ्या

इंदूरहून दोन रात्रींसाठी घरच्या सगळ्यांना घेऊन कुठे जावं, असं विचारलं की बहुतेक जण जलाशयाकाठचं हनुवंतिया सांगतात आणि वर जोडतात, "हिवाळ्यात कधीही जा, मस्तच आहे." त्या 'कधीही'नं सगळा घोटाळा होतो. आजी-आजोबा, मुलं, एखादी आत्या असा लवाजमा घेऊन पोचावं आणि खोलीपुढे पाण्याऐवजी चिखलाचं मैदान दिसावं, हे सहज टळण्यासारखं आहे. स्वेटर घ्या, टॉर्च घ्या हे इथे सांगत बसत नाही.

तारीख

सगळी मेख इथे आहे, म्हणून हा भाग नीट वाचा.

हनुवंतिया खंडवा जिल्ह्यात, इंदिरा सागरच्या काठावर आहे. नर्मदेवर पुनाशाजवळ बांधलेल्या धरणाचं हे पाणी. जलाशय पूर्ण भरला की पातळी २६२.१३ मीटर असते आणि वीजनिर्मितीसाठी ती उतरवायची खालची मर्यादा २४३.२३ मीटर. म्हणजे वर-खाली मिळून जवळजवळ १९ मीटर, सहा मजली इमारतीएवढा फरक. दरवर्षी पाणी अगदी तळाला जातंच असं नाही, पण उतरतं हे नक्की. पावसाळ्याच्या शेवटी ते भरतं, दिवाळीच्या आसपास काठोकाठ दिसतं, मग वीज आणि रब्बीचं सिंचन सुरू होतं. संक्रांतीपर्यंत उतार जाणवायला लागतो, होळीनंतर तर काठ झपाट्यानं मागे सरकतो.

उंचीतला फरक थोडा वाटला तरी काठ किती लांब जातो हे जमिनीच्या उतारावर ठरतं. वीस पावलांमागे एक पाऊल असा उतार धरला, तर पातळी एक मीटर उतरली की पाणी २० मीटर मागे जातं आणि तीन मीटर उतरली की ६०. जलाशयाचा काठ बहुतेक ठिकाणी असाच पसरट आहे, कारण ती कधीकाळची शेतंच आहेत. 'लेक व्ह्यू' लिहिलेली खोली त्यामुळे ऑक्टोबरात खरी असते आणि एप्रिलमध्ये दुर्बीण लावून खरी.

मग करायचं काय? केंद्रीय जल आयोग देशातल्या मोठ्या जलाशयांच्या पातळीचं पत्रक दर गुरुवारी काढतो. त्यात इंदिरा सागरची त्या आठवड्याची पातळी आणि पूर्ण पातळी शेजारी-शेजारी असते. फरक तीन मीटरच्या आत असेल तर बेधडक जा. तीन ते सहा असेल तर जा, पण पाणी खोलीपाशी नाही, बोटीपाशी मिळेल असं घरी आधीच सांगून ठेवा. सहाच्या वर गेला असेल तर मुलांना घेऊन हनुवंतियाला जाऊ नका. त्याऐवजी ओंकारेश्वर जलाशयातल्या सैलानी टापूवर जा. त्या जलाशयाची पूर्ण आणि किमान पातळी यांत जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे, त्यामुळे मे महिन्यातही काठ जागच्या जागी सापडतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत हनुवंतिया सुचवणाऱ्यांनी ही साधी गोष्ट तपासलेली नसते.

सैलानीच्या बाबतीत मात्र एक ताकीद. ते पाणी पुनाशाच्या खालच्या अंगाला आहे. वर वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की खाली ते चढतं, आणि आभाळ कोरडं असलं तरी चढतं. २००५ च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भूतडी अमावस्येच्या यात्रेत नदीत उतरलेले भाविक असेच अचानक आलेल्या पाण्यात वाहून गेले. म्हणून धरणाखाली नर्मदेच्या पात्रात सतरंजी टाकून जेवायला बसणं, खडकावर मुलांचे फोटो काढणं हे प्रकार नकोतच.

आता चिखलाचं. पाणी उतरलेल्या जागी काळी माती असते. वरून वाळून भेगाळलेली, दिसायला टणक, आणि चार बोटांखाली लोण्यासारखी. मूल धावत जातं, कवच फुटतं आणि पाय गुडघ्यापर्यंत आत. घाबरून पाय सरळ वर ओढला की बूट आत राहतो आणि सगळा भार दुसऱ्या पायावर येऊन तोही रुततो. अशा वेळी मागे रेलून बसतं करायचं, टाच डावी-उजवीकडे हलवत मातीत हवा शिरू द्यायची आणि मग पाय तिरका काढायचा. ओढणी किंवा टॉवेल पुढे टाकून त्यावर हात टेकले की काम सोपं होतं. जिथे गवत उगवलंय किंवा गावकऱ्यांनी गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळात पेरणी) केलीय तिथली जमीन बरीच घट्ट असते. उघडी, चकचकीत, ओलसर पट्टी दिसली की तिथेच थांबा. जेट्टी सोडून दुसरीकडून पाण्याजवळ जायचंच नाही, हा नियम गाडीतून उतरतानाच मुलांना सांगा.

पोहायलाही नाही. हरसूद २००४ मध्ये या पाण्याखाली गेलं, त्याच्याबरोबर दोनशेहून अधिक गावं आणि मोठं जंगल बुडितात गेलं. झाडांचे बुंधे, विहिरी, भिंती तशाच आत आहेत आणि नर्मदेत मगरीही आहेत.

खोली

राहायला मध्य प्रदेश पर्यटन विकास महामंडळाची कॉटेजेस आहेत. २०१६ च्या फेब्रुवारीत जल महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून महोत्सवाच्या काळात तंबूंचं अख्खं गावच उभं राहतं. महोत्सवाच्या तारखा दरवर्षी बदलतात. बरोबर सत्तरीच्या पुढचं कोणी असेल किंवा तीन वर्षांखालचं मूल असेल तर कॉटेज घ्या, तंबूचा मोह नको. दहा-बारा वर्षांची मुलं मात्र तंबूतच खूष असतात.

ऑनलाइन पैसे भरण्याआधी थेट तिथल्या रिसेप्शनला फोन करा. "व्ह्यू कसा आहे" हे विचारू नका, उत्तर "एकदम बढिया" असंच येणार. त्याऐवजी विचारा: "आज बोटीपर्यंत किती चालावं लागतं?" पातळीचा खरा अंदाज या एका प्रश्नातून येतो. मग खोलीपर्यंत पायऱ्या किती, कमोड आहे का, गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळी, वीज गेली तर पंखा-दिवा चालतो का. जादा बेड मागितलात तर पलंग मिळणार की जमिनीवर गादी, हेही विचारून घ्या. आजोबांना जमिनीवरून उठायला त्रास होत असेल तर ते रात्री दहाला कळून उपयोग नाही.

रस्ता

इंदूर, सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याचा पूल, सनावद, मग पुनासा आणि मूंदी. साडेतीन तास धरा, मुलं असतील तर चार. सकाळी साडेसहाला निघा म्हणजे घाटात ट्रकांच्या मागे अडकायला होत नाही. सोमवार, अमावस्या आणि अख्खा श्रावण टाळा, कारण ओंकारेश्वरची सगळी गर्दी मोरटक्क्यापर्यंत तुमच्याच रस्त्यावर असते. नर्मदेला पूर आला की हा पूल बंद होतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघण्याआधी चौकशी करा. पेट्रोल, औषधं, रोख रक्कम आणि दूध मूंदीतच घ्या, पुढे धड दुकान नाही.

खाणं

जेवण रिसॉर्टमध्ये मिळतं, पण सांगितल्यावर वेळ लागतो आणि भूक लागलेलं मूल थांबत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दोन दिवस टिकतात. बरोबर चटणी, मेतकूट, थोडा गूळ. इंदूरकर शेव घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीच, तिची आठवण करून द्यायला नको. इंडक्शन शेगडी मात्र आणू नका. २००० वॉटची शेगडी आणि गीझर एकदम चालले की लाइन उडते, आणि रात्री ती जोडून द्यायला माणूस शोधत फिरावं लागतं.

बोट

पोचल्या दिवशी बोटीत बसू नका. दुपारी वारा सुटतो आणि एवढ्या उघड्या पाण्यावर त्याला अडवणारं काही नसल्यानं लाटा उठतात, मग प्रवासानं आधीच आंबलेली मुलं उलट्या करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, बोट क्लब उघडल्या उघडल्या जा. पाणी तेव्हा काचेसारखं असतं आणि रांगही नसते.

लाइफ जॅकेट कर्मचारी घालून देतात, पण लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्यावर सोडू नका. मोठ्यांचं जॅकेट पट्टे आवळून मुलाला बसवतात, ते चालत नाही. जॅकेटवर किलोचा आकडा छापलेला असतो, तो मुलाच्या वजनाशी जुळवा. पट्टे खालून वर लावा. मग मुलाला दोन्ही हात वर करायला सांगा आणि जॅकेट खांद्यापाशी धरून वर ओढा. ते हनुवटीच्या वर किंवा कानापर्यंत सरकलं तर पाण्यात पडल्यावर मूल त्यातून निसटेल. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं जॅकेट मागा. नसेल तर त्या मुलाला काठावर थांबवा, रडलं तरी.

स्पीडबोटीत पुढच्या बाकावर सर्वांत जास्त आपटतं. पाठीचं दुखणं असलेल्यांनी मागे बसावं. बनाना राइडमध्ये शेवटी मुद्दाम उलटवायची हौस असते, उलटायचं नसेल तर सुरुवातीलाच चालकाला बजावा. जेट स्की मुलांसाठी नाही. बोरियामाल टापूची फेरी चालू असेल तर आजी-आजोबांना त्या मोठ्या बोटीत बसवा, त्यांना तीच आवडेल.

रात्र

खंडव्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि पाण्याच्या काठी तो त्याहून बोचतो. कॉटेजमध्ये एक पांघरूण जास्त मागितलं की झालं.

तंबूत मात्र थंडीपेक्षा ओल छळते. चार माणसं आत श्वास घेतात, ती वाफ गार कापडाला लागते आणि पहाटे चारला थेंब टपटपायला लागतात. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट बंद केल्या की हमखास असं होतं. समोरासमोरच्या दोन झडपा चार-चार बोटं उघड्या ठेवा. पलंग कापडापासून वीतभर आत ओढा, नाहीतर गोधडीची ती बाजू सकाळी पिळून निघेल. खाटेखालून गार वारा लागतो, त्यामुळे एक पांघरूण अंगावर असेल तर एक अंगाखालीही हवं. कोळशाची शेगडी तंबूत किंवा बंद खोलीत कोणी कितीही आग्रह केला तरी नको. तिचा विषारी वायू वास न येता माणसाला झोपेतच संपवतो.

चपला आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. निमाडात, म्हणजे खंडव्याच्या या मुलखात, विंचू भरपूर.

दुसरा दिवस आणि परत

बोट झाली की दुपार मोकळी सोडा. संध्याकाळी किंवा परत निघताना संत सिंगाजींची समाधी बघा. निमाडातले हे सोळाव्या शतकातले निर्गुणी संत. आसपासचं गाव बुडितात गेलं, पण समाधीभोवती भिंत बांधून ती जागा पाण्याच्या मधोमध राखली आहे. शरद पौर्णिमेला तिथे मोठा मेळा भरतो, त्या चार-पाच दिवसांत खोलीही मिळत नाही आणि रस्ताही.

त्याच फेरीत ओंकारेश्वर 'उरकून घेऊ' म्हणणारे फार भेटतात. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर नका करू. पार्किंग, पूल, रांग यांत तीन-चार तास जातात आणि घाट रात्री चढावा लागतो. रविवारी परतत असाल तर अकराला हिशेब मागा, जेवण बांधून घ्या आणि बारापर्यंत गाडी काढा. मोरटक्क्याला दोनच्या आत पोचलात तर चहाला भेरूघाटाच्या वर असाल. तीननंतर पुलापाशी आलात तर दर्शन करून परतणाऱ्या गाड्यांच्या मागून सिमरोलपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच यावं लागेल.