जुन्या मर्सिडीजचा ऑटोमॅटिक बॉक्स दुसऱ्या गिअरला अडकतो तेव्हा: ७२२.६ ची तपासणी आणि दुरुस्ती

सिग्नलवरून गाडी जड उचलते, इंजिन तीन हजार आरपीएमवर ओरडत राहतं, पण पुढचा गिअर काही पडत नाही. बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ नीट पळते, मग पुन्हा तेच. पाच गिअरच्या ७२२.६ ऑटोमॅटिक बॉक्सवर हे दिसलं की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा पहिलं वाक्य ऐकू येतं ते 'बॉक्स उतरवावा लागेल'. ते मान्य करण्याआधी पॅनपर्यंतची तपासणी पूर्ण करून घ्या. या बॉक्सचे गिअर आणि क्लच दणकट आहेत. त्याच्या तक्रारी बहुतांशी एका प्लास्टिक सॉकेटमध्ये, एका सेन्सर प्लेटमध्ये (बॉक्सच्या आतले वेग मोजणारे सेन्सर असलेली पाटी) आणि वेळेवर न बदललेल्या ऑइलमध्ये असतात, आणि ही तिन्ही कामं बॉक्स गाडीतच ठेवून होतात.

आधी बॉक्स ओळखा

मर्सिडीजने ७२२.६ हा बॉक्स १९९६ पासून वापरात आणला. डब्ल्यू २१० आणि डब्ल्यू २११ ई-क्लास, डब्ल्यू २०२ आणि डब्ल्यू २०३ सी-क्लास या गाड्यांत तो भेटतो. पुण्यात जोडणी झालेल्या जुन्या गाड्यांपैकी पुष्कळ आजही महाराष्ट्रात फिरत आहेत, त्यामुळे हे काम करणारे हात आणि सुटे भाग इथे मिळतात. पाच गिअर, बॉनेटखाली ऑइल भरायची नळी पण आत डिपस्टिक नाही, आणि बॉक्सच्या उजव्या अंगाला १३ पिनांचं गोल सॉकेट, ही त्याची खूण. चार गिअरचा जुना बॉक्स किंवा सात गिअरचा ७२२.९ असेल तर खालची माहिती तशीच लावू नका. ७२२.९ मध्ये कंट्रोल युनिट (बॉक्स चालवणारा संगणक) सेन्सर प्लेटवरच असतं आणि बदलल्यावर कोडिंग, म्हणजे ते त्या गाडीशी जुळवणं, करावं लागतं. ७२२.६ मध्ये कंट्रोल युनिट वेगळं असल्याने प्लेट बदलताना कोडिंग लागत नाही, ही मोठी सोय.

दोष विजेचा की आतला?

चालत्या गाडीत दोष आला की कंट्रोल युनिट विजेचा पुरवठा तोडतं आणि बॉक्स त्या क्षणी असलेल्या गिअरमध्येच राहतो. गाडी बाजूला घ्या, लिव्हर पी मध्ये टाका, इंजिन बंद करा, किमान १० सेकंद थांबा आणि सुरू करा. दोष कायम असेल तर आता फक्त दुसरा गिअर आणि रिव्हर्स मिळेल. हाच लिम्प मोड. या अवस्थेत सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं, पण घाट चढायला जाऊ नका. ओढून न्यायची वेळ आली तर सपाट ट्रकवर चढवून नेणंच बरं.

चावी बंद-चालू केल्यावर बॉक्स पुन्हा पाचही गिअर नीट टाकत असेल तर संशय विजेवर. विशेषतः थंड असताना ठीक आणि अर्धा तास चालल्यावर, किंवा खंडाळ्यासारखा घाट चढून ऑइल तापल्यावर अडकत असेल, तर सेन्सर प्लेटवरच्या एन-२ किंवा एन-३ स्पीड सेन्सरकडे पाहा. तापला की सेन्सर सिग्नल सोडतो, निवला की परत देतो. उलट, चावी फिरवून काहीच फरक पडत नाही, कंट्रोल युनिटमध्ये दोषाचा कोणताही कोड नोंदलेला नाही, गिअर बदलताना आरपीएम उडतो पण गाडी ओढत नाही, तर दोष दाबाचा किंवा क्लच प्लेटांचा.

स्कॅनर लावताना मर्सिडीजचा गिअरबॉक्स विभाग वाचणाराच लावा. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिन वाचतात. पी ०७१५ सारखा इनपुट स्पीडचा कोड किंवा एन-२, एन-३ यांच्या सिग्नलचा कोड मिळाला की लाइव्ह डेटा उघडा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये एन-२ आणि एन-३ चे आकडे सारखे असले पाहिजेत. पहिल्या आणि पाचव्यात एन-२ शून्य दाखवतो, तो दोष नव्हे. दुसरा ते चौथा या टप्प्यात एक आकडा मध्येच शून्यावर कोसळून पुन्हा उठत असेल तर प्लेट गेली असं समजायला हरकत नाही. त्याआधी बॅटरी मात्र तपासा. मरगळलेल्या बॅटरीवर हा बॉक्स खोटे कोड नोंदवतो.

लिव्हर पी मधून हलतच नसेल तर तो बॉक्सचा प्रश्न नाही. ब्रेक लाइटचा स्विच आणि लिव्हरखालचं लॉक पाहा. गिअर टाकताना मागून धाडकन आवाज येत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे रबर डिस्क आणि बॉक्सचं माउंटिंग आधी पाहा. थरथर फक्त इंजिन मिसफायर होताना येत असेल तर बॉक्सला हात लावू नका.

तेरा पिनांचं सॉकेट

गाडी सपाट जागी चार मजबूत स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही. बॉक्सच्या उजव्या बाजूला, पॅनच्या वर, गोल प्लग दिसेल. त्याच्या आसपास लाल ओल असेल तर आतल्या सॉकेटच्या दोन ओ-रिंग कडक झाल्या आहेत. हा भाग स्वस्त आहे (क्रमांक ए २०३ ५४० ०२ ५३), पण त्याच्याकडे दुर्लक्ष फार महागात पडतं. कारण ऑइल नुसतं खाली ठिबकत नाही. तारांच्या आतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, ते कंट्रोल युनिटपर्यंत चढतं. म्हणून युनिटचा प्लगही काढून पाहा. मॉडेलनुसार युनिट इंजिनजवळच्या बंद डब्यात किंवा पायाशी असतं. पिनांवर लाल ऑइल दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरने दोन्ही टोकं धुवा, तार खाली लोंबकळत ठेवून ऑइल निथळू द्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघा. तारेत राहिलेलं ऑइल बरेच दिवस येत राहतं. युनिट लगेच बदलू नका, बहुतेकदा ते धुऊन चालतं.

सॉकेट बदलताना बाहेरची कडी फिरवून प्लग ओढा, मधला ७ मिमीचा बोल्ट सोडा आणि सॉकेट सरळ बाहेर खेचा. त्यासाठी पॅन उघडावं लागत नाही, मात्र थोडं ऑइल गळेल. नव्या ओ-रिंगना ताजं गिअर ऑइल लावून बसवा.

पॅन उघडल्यावर

ऑइल कोमट असताना काढा, उकळतं नको. पॅनचा ड्रेन प्लग ५ मिमी ॲलन पान्याने सुटतो, पॅनचे सहा बोल्ट टॉर्क्स टी-३० ने. पॅनमधून साधारण चार लिटर निघतं. काही बॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरलाही (इंजिनची ताकद ऑइलमार्गे बॉक्सकडे देणारा भाग) ड्रेन प्लग असतो. तो असेल तर इंजिन हाताने फिरवून समोर आणा आणि रिकामा करा, म्हणजे जवळजवळ सगळं जुनं ऑइल जाईल.

पॅनमधल्या मॅग्नेटवर करड्या रंगाची मऊ साय नेहमीच असते. बोटाला खडे लागले, धातूचे चकाकणारे तुकडे दिसले किंवा ऑइल काळं होऊन जळका वास येत असेल, तर क्लच आणि गिअरचा भाग खराब झालाय. तिथे ओव्हरहॉलशिवाय इलाज नाही, नवी प्लेट घालून पैसे वाया घालवू नका.

ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटर फुटलाय. बॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आत असते. ती झिरपली की कूलंट बॉक्समध्ये जातं आणि त्यातलं ग्लायकॉल क्लच प्लेटांच्या अस्तराला खातं. थोडंसंच गेलं असेल तर रंग बदलत नाही, फक्त ५० ते ८० च्या वेगाला हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी रम्बलरवरून गेल्यासारखी थरथरते. अशी थरथर असेल तर ऑइलची ग्लायकॉल टेस्ट करून घ्या. सापडलं तर आधी रेडिएटर बदला, मग बॉक्स फ्लश करा. कन्व्हर्टरही अनेकदा बदलावा लागतो. रेडिएटर तसाच ठेवून नुसतं ऑइल बदलणं म्हणजे तेच नुकसान पुन्हा ओढवून घेणं.

सेन्सर प्लेट बदलणं

फिल्टर खाली ओढला की निघतो. त्यावर वाल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब योग्य क्लचकडे वळवणारा वाल्व्हांचा ठोकळा) टी-३० च्या दहा बोल्टांनी धरलेली असते. तिला हात लावण्याआधी १३ पिनांचं सॉकेट बाहेर काढलेलंच हवं, नाहीतर ते प्लेटमध्ये अडकून दोन्ही मोडतात. वाल्व्ह बॉडी जड आहे आणि तिच्यातून ऑइल सांडत राहतं, म्हणून शेवटचे दोन बोल्ट सोडताना दुसऱ्या माणसाने खालून धरावं.

स्वच्छ टेबलावर घेतल्यावर सहा सोलेनॉइडच्या (विजेने उघडझाप होणारे वाल्व्ह) पट्ट्या सोडा, सोलेनॉइड कोणता कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवा आणि प्लेट (क्रमांक ए १४० २७० ११ ६१) उचला. वाल्व्ह बॉडीचे दोन भाग वेगळे करायचे नाहीत. आत लहान गोळ्या आणि चाळण्या आहेत, त्या या कामासाठी उघडण्याची गरजच नाही. सोलेनॉइड हातात आहेतच तर मल्टिमीटर लावा: गिअर बदलणारे तीन साधारण ४ ओहम, दाब नियंत्रित करणारे दोन साधारण ५, कन्व्हर्टर लॉकअपचा साधारण २.५. स्पीड सेन्सर ओहमवर तपासता येत नाहीत, त्यांच्यासाठी वरचा लाइव्ह डेटाच खरा.

पुसायला गॅरेजमधला कॉटन वेस्ट वापरू नका. त्याचा एक धागा वाल्व्हमध्ये गेला तर नव्या प्लेटवरही बॉक्स झटके देईल. तंतू न सुटणारा कपडा घ्या.

परत चढवताना वाल्व्ह बॉडीच्या सिलेक्टर वाल्व्हची खाच आतल्या लिव्हरच्या पिनवर बसली का, ते लिव्हर पी ते डी हलवून बघा. ती चुकली तर गाडी सुरू झाल्यावर कोणताच गिअर धरणार नाही आणि सगळं पुन्हा उतरवावं लागेल. बोल्ट ८ न्यूटन-मीटरने, मधून बाहेर, आळीपाळीने. ॲल्युमिनियमच्या आट्या जोराने लगेच जातात, टॉर्क रेंच नसेल तर मागून आणा. नवा फिल्टर, नवं गॅस्केट, पॅनचे बोल्ट ८ आणि ड्रेन प्लग २० न्यूटन-मीटर, त्याला नवा वॉशर.

ऑइल भरणं, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात

एमबी २३६.१४ मान्यतेचं ऑइल घ्या. 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं' असं लिहिलेलं साधं ऑइल घालू नका, कन्व्हर्टरची थरथर तिथूनच सुरू होते. फक्त पॅन रिकामं केलं असेल तर सुमारे ४ लिटर, कन्व्हर्टरही रिकामा असेल तर एकूण साधारण ७.५ लिटर लागतं. इंजिन बंद असताना आधी ४ लिटर घाला. मग सुरू करून, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवा, आणि उरलेलं हळूहळू द्या.

पातळी अंदाजाने ठरत नाही. नळीत घालायची वेगळी डिपस्टिक मिळते, ती आणा. स्कॅनरवर ऑइल ८० अंशांना आलं, इंजिन आयडलिंगला आणि लिव्हर पी मध्ये असताना तिच्यावरच्या ८० अंशांच्या दोन खुणांमध्ये पातळी हवी. थंड ऑइलवर मोजून पूर्ण भरलं तर तापल्यावर ते फुगून फेसाळतं आणि क्लच घसरतात. कमी असेल तर वळणावर आणि चढावर बॉक्स क्षणभर हवा ओढतो. जास्त झालं तर नळीतून सिरिंजने उपसा.

कोड पुसून, स्कॅनरला सोय असेल तर ॲडॅप्टेशन (बॉक्सने स्वतः जुळवून ठेवलेले दाब) रीसेट करून, २०-३० किलोमीटर हलक्या पायाने चालवा. पहिले काही गिअर थोडे झटक्याने पडतील, बॉक्स प्रत्येक क्लचचा दाब पुन्हा जुळवत असतो. त्यानंतरही दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना आरपीएम उडत असेल किंवा डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी ओढ घेत असेल, तर मात्र बॉक्स उतरवण्याची वेळ आली आहे. पुढे ऑइल आणि फिल्टर दर ५० ते ६० हजार किलोमीटरला बदला. सुरुवातीला हे ऑइल 'आयुष्यभराचं' म्हणून दिलं जायचं, पण वीस वर्षं झालेल्या, आपल्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीला तो नियम लावू नका.