'बघू'ची फोड: लस घेण्याची लोकांची तयारी कशी जाणून घ्यावी

साथीच्या काळात आपल्या इमारतीतील लोक लस घेण्यास कितपत तयार आहेत, हे जाणून घेण्याचे काम मुंबईत बहुधा सोसायटीच्या चिटणिसाकडे, मंडळाच्या कार्यकर्त्याकडे किंवा पालिकेच्या आरोग्यसेविकेकडे येते. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत परळच्या आमच्या चाळीत ते माझ्याकडे आले, तेव्हा मी वहीत 'घेणार' आणि 'नाही' असे दोनच रकाने आखले होते. पहिल्या मजल्यावरच ती वही निकामी ठरली, कारण बहुतेक दारांतून 'बघू' एवढेच उत्तर आले. या 'बघू'मध्ये होकार, नकार, भीती आणि 'आत्ता कुकर लावलाय, नंतर या' हे सारेच सामावलेले असते, आणि त्याची फोड करणे हेच या कामातील खरे कौशल्य आहे.

त्यासाठी 'लस घेणार का?' हा प्रश्न मुळातच टाळावा. ओळखीचा माणूस दारात उभा असताना त्याला तोंडावर 'नाही' म्हणणे जड जाते, त्यामुळे होकारांची संख्या उगाच फुगते. त्याऐवजी 'कोणत्या दिवशी, कुठल्या केंद्रावर आणि कोणाबरोबर जाणार आहात?' असे विचारावे. ज्याला वार सांगता येतो तो तयार आहे, बाकीच्यांशी अजून बोलायचे आहे असे समजावे. वहीत 'घेतली', 'दिवस ठरला', 'अडचण', 'शंका' आणि 'नको' असे पाच रकाने करून उत्तर ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहून ठेवावे. घरातील कर्ता माणूस सगळ्यांच्या वतीने बोलू लागला, तरी सासूबाईंना आणि सुनेला वेगळे विचारल्याशिवाय पुढच्या दाराकडे वळू नये.

लोक लस का टाळतात, याची जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तीन कारणे सांगितली आहेत: विश्वासाचा अभाव, आजाराविषयीची बेफिकिरी आणि गैरसोय. मुंबईत यांतील तिसरे कारण अनेकदा पहिल्याच्या पदराआड लपलेले असते, असे माझे मत आहे. आमच्याकडे घरकाम करणाऱ्या एक मावशी 'त्या सुईने माणसं मरतात म्हणे' यापलीकडे काही बोलत नव्हत्या. गॅलरीत त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसल्यावर कळले की, त्यांच्याकडे पाच घरची कामे होती, ताप आला तर दोन दिवसांचा खाडा पडणार होता आणि त्यातल्या दोन घरी खाड्याचे पैसे कापले जात. तेथे लसीचे शास्त्र समजावून काही उपयोग नव्हता. आम्ही त्या दोन घरी जाऊन बोललो आणि मावशींनी शनिवारी दुपारी लस घेतली.

१ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा लसनोंदणीच्या कोविन संकेतस्थळावरील वेळा काही क्षणांत भरून जात, आणि ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांना त्या दिसतही नसत. अशा वेळी नोंदणी करून देण्याची तयारी ठेवूनच दार वाजवावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी वेगळी करावी. त्यांना घरी येऊन लस देण्याची सोय मुंबईत झाली, पण उच्च न्यायालयात जनहित याचिका गेल्यानंतर.

शंका खरोखरच शंका असेल, तर वाद घालू नये. 'हे कुठे ऐकलंत?' असे विचारून आधी पूर्ण ऐकून घ्यावे. 'काहीही होत नाही' हे वाक्य तोंडातून कधीही जाऊ देऊ नये. एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, कोव्हिशील्डमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा अतिशय दुर्मीळ धोका आहे आणि म्हणूनच छातीत दुखणे, धाप लागणे, न थांबणारी डोकेदुखी यांकडे दुर्लक्ष करू नये, हे स्पष्ट सांगावे. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर आधी चार आठवडे, मग सहा ते आठ आणि मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवडे झाले. लसींचा तुटवडा असतानाच ते वाढल्यामुळे लोक साशंक झाले, आणि ती शंका हसण्यावारी नेणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपलेच काम अवघड करून ठेवले.

कोणी बोलावे, हेही महत्त्वाचे आहे. १८९७ च्या जानेवारीत शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस याच शहरात आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढे इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनीही आपल्या अनुयायांसमोर ती घेतली. चाळीत हे काम ज्या शेजाऱ्याने परवाच लस घेतली आहे तो करू शकतो, किंवा वर्षानुवर्षांचा गल्लीतला डॉक्टर.

सोसायटीत शिबिर भरवणार असाल, तर ते पालिकेच्या विभाग कार्यालयाकडून तपासून घ्यावे, कुपीवरील बॅच क्रमांक टिपावा आणि कोविनचा संदेश येतो की नाही ते पाहावे. कांदिवलीतील एका गृहसंकुलात मे २०२१ मध्ये झालेले बनावट शिबिर तो संदेश न आल्यामुळेही संशयाच्या भोवऱ्यात सापडले.

दोन मात्रांनंतर चौदा दिवस झालेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकल प्रवासाची मुभा मिळाली आणि केंद्रांवरील रांगा वाढल्या. त्या रांगांतून वाढलेला आकडा लोकलच्या गरजेचा आहे, विश्वासाचा नाही, याची वहीत वेगळी नोंद करावी. जे 'नको'वर ठाम राहतील त्यांची नावे सूचनाफलकावर लावू नयेत. पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा तीन फेऱ्यांपर्यंत 'बघू'वरच होते. चौथ्या खेपेस त्यांनी लसीविषयी चकार शब्द काढला नाही. केंद्रावर बसायला खुर्ची मिळते का आणि जवळपास मुतारी आहे का, एवढेच विचारले.