गोंडवाना गणतंत्र पार्टीवर प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या प्रबंधाला मी गोंड आदिवासींचा हा पक्ष घेतला होता. तेव्हापासून सुरुवात कुठून करायची, असं विदर्भातली मुलं विचारत असतात. आमदारांच्या संख्येवरून तर अजिबात करू नका.

ती संख्या एका दमात सांगून होते. शिक्षकी सोडून राजकारणात आलेल्या हिरासिंह मरकाम यांनी १९९१ मध्ये पक्ष काढला. २००३ ला मध्य प्रदेशात तीन आमदार आले, पुढे फाटाफूट झाली. २०२३ ला छत्तीसगढमधल्या पाली-तानाखारमधून त्यांचे चिरंजीव तुलेश्वर मरकाम निवडून आले. एवढ्यावर लिहिलंत तर 'मतं खाणारा पक्ष' हाच निष्कर्ष हाती येईल, आणि तो शिक्का मोठ्या पक्षांनी आपल्या सोयीसाठी मारलेला आहे.

त्यापेक्षा फॉर्म २० उघडा. कुठल्या मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली, ते त्यात असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. जुन्या प्रती पुसट असतात, आकडे एकेक करून वहीत उतरवावे लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. मतदारसंघात मागे पडलेला पक्ष एखाद्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीत, सगळ्यांच्या पुढे दिसतो आणि तिथून खरे प्रश्न सुचायला लागतात.

मग गावात जा. 'जय सेवा' या गोंडांच्या नमस्काराने बोलणं सुरू करा. मत कोणाला दिलं, हे विचारू नका. शाळेत पोरं कोणत्या भाषेत शिकतात, ते विचारा. २००३ च्या ९२व्या घटनादुरुस्तीने संथाळी भाषा आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत गेली, गोंडांची गोंडी आजही बाहेर आहे. म्हातारी माणसं यावर तासभर बोलतात. पक्षाची वेगळ्या गोंडवाना राज्याची मागणीही याच बोलण्यातून उलगडते, कारण गोंडांचा मुलूख मध्य प्रदेश, छत्तीसगढ, महाराष्ट्र आणि तेलंगणात वाटला गेलाय. जाहीरनामा वाचून हे दुखणं कळत नाही.

आपल्याकडच्यांनी कचारगडची यात्रा चुकवू नये. गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, माघ पौर्णिमेला भरते. चार राज्यांतले गोंड एका जागी भेटतात. प्रश्नावली पिशवीतच राहू द्या. गोंडी पुस्तकं, कॅलेंडरं विकणाऱ्यांजवळ बसा. गावोगावच्या कार्यकर्त्यांची ओळख तिथेच होते.

माघ पौर्णिमा जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येते, म्हणून मार्गदर्शकांची परवानगी दिवाळीतच काढून ठेवा.